जुने टू-स्ट्रोक इंजिन कसे बांधावे : आधी कारण शोधा, मग पिस्टन बदला

जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० अशा हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या कोल्हापूर परिसरात आजही हौसेने सांभाळल्या जातात. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग, लेथ आणि प्रेसची कामे करणारे कुशल कारागीर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे इथल्या माणसाला इंजिन बांधून घेणे तुलनेने सोपे जाते. मात्र याच सोयीमुळे एक चुकीची सवयही रुजली आहे. इंजिन जाम झाले की ते लगेच खोलायचे, सिलिंडर रिबोअर करायचा (आतली भिंत कापून छिद्र किंचित मोठे करायचे), नवा पिस्टन घालायचा आणि गाडी रस्त्यावर आणायची. पहिला पिस्टन ज्या कारणाने गेला ते कारण तसेच राहिले असेल, तर दुसराही त्याच वाटेने जातो. म्हणून पुढे तपासणीला दुरुस्तीइतकीच जागा दिली आहे.

या इंजिनाची एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण थेट पिस्टनच्या वर जात नाही. ते आधी पिस्टनखाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पेटीत, येते, तिथे दाबले जाते आणि मग सिलिंडरच्या भिंतीतील पोर्टमधून, म्हणजे भोकांतून, वर चढते. म्हणजे क्रँककेस इथे पंपाचे काम करते, आणि पंप म्हटला की तो हवाबंद हवाच. शिवाय क्रँकच्या बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडला आणि पिस्टनला मिळणारे ऑईलही याच मिश्रणातून येते. बाहेरची हवा कुठूनही आत शिरली तर मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, उष्णता वाढते, ऑईल कमी पडते आणि पिस्टन सिलिंडरला धरतो.

इंजिन खोलण्यापूर्वी

सुरुवात स्पार्क प्लगपासून करावी. काळा आणि ओला प्लग जास्त पेट्रोल, जास्त ऑईल किंवा कमजोर ठिणगी सांगतो. पांढराफटक, कोरडा प्लग पातळ मिश्रणाकडे किंवा अतिउष्णतेकडे बोट दाखवतो. प्लग हेडच्या पंखांना टेकवून किक मारल्यावर ठिणगी निळसर आणि ठसठशीत दिसली पाहिजे. पॉइंटवर (ठिणगीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कावर) चालणाऱ्या गाडीत पॉइंटचे अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास आहे का, त्यांची तोंडे जळाली आहेत का, हे फिलर गेजने आणि डोळ्यांनी पाहावे. गाडी थंड असताना छान चालते, गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असेल तर पिस्टनला हात लावण्याआधी कंडेन्सर आणि इग्निशन कॉइल बदलून पाहावी.

टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र, पेट्रोल कॉकची जाळी आणि कार्ब्युरेटरचे जेट हे तपासायला फार वेळ लागत नाही. सायलेन्सर मात्र हमखास विसरला जातो. गाडी ओढत नाही, पण इंजिनातून कसलाही वेगळा आवाज येत नाही, अशा वेळी सायलेन्सरच्या आतल्या नळीवर आणि सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टवर साचलेला कार्बन हे नेहमीचे कारण असते. कॉम्प्रेशन गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून दाब मोजावा, मग प्लगच्या छिद्रातून थोडे ऑईल सोडून पुन्हा मोजावा. दाब लक्षात येण्याइतका वाढला, तर रिंग आणि बोअर झिजले आहेत.

आता गळतीची चाचणी, जी फार थोड्या ठिकाणी केली जाते आणि जिच्याइतके खरे उत्तर दुसरी कोणतीही चाचणी देत नाही. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर उतरवून त्यांची तोंडे जुन्या ट्यूबचे रबर आणि लोखंडी पट्टी लावून घट्ट बंद करावीत. जावा किंवा येझदीला दोन एक्झॉस्ट पोर्ट असतील तर दोन्ही बंद करावेत. जुन्या प्लगमधील चिनी माती फोडून काढून त्यात एक लहान नळी बसवून घ्यावी, पिस्टन अगदी खाली आणावा आणि त्या नळीतून हवा भरावी. यासाठी रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा फुगा आणि मीटर उत्तम चालतो, कारण आपल्याला लागणारा दर चौरस इंचाला ५ पौंडांचा दाब म्हणजे त्या मीटरवरचा साधारण २६० चा आकडा. यापेक्षा फार जास्त दाब देऊ नये, अन्यथा क्रँकच्या टोकाचे चांगले ऑईल सीलही जागचे हलू शकते. दाब एका मिनिटात ५० आकड्यांहून जास्त उतरला तर गळती आहे असे धरावे.

गळती शोधण्यासाठी साबणाचा फेस सिलिंडरच्या तळाच्या पॅकिंगवर, हेडच्या कडेला, क्रँककेसच्या सांध्यावर आणि मॅग्नेट किंवा डायनॅमोमागच्या ऑईल सीलवर लावावा. क्लचच्या बाजूचे सील दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑईल भरण्याच्या छिद्रावर फेसाचा पडदा धरावा. तो फुगला तर आतली हवा क्लचकडे जात आहे. हे सील गेले की इंजिन गिअरबॉक्सचे ऑईल ओढून जाळते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो आणि गिअर ऑईलची पातळी कारण नसताना उतरते. डायनॅमोच्या बाजूचे सील गेल्यावर उलट घडते : धूर वाढत नाही, पण ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग लवकर उतरत नाही. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण गाडी जोरात पळते म्हणून मालक खूश असतो आणि पिस्टन मात्र आतून तापत जातो.

खोलताना आणि जुना पिस्टन वाचताना

हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असताना, समोरासमोरच्या जोडीने आणि थोडे थोडे करून सैल करावेत. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या गाडीचा पिस्टन अडकला असेल तर डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचे ऑईल समप्रमाणात मिसळून प्लगच्या छिद्रातून सोडावे आणि काही दिवस वाट पाहावी. किकवर उभे राहून जोर लावल्यास रॉड वाकतो, आणि वरून हातोडा मारल्यास पिस्टनचे डोके जाते. सिलिंडर उचलताच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, मगच गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) सर्क्लिपला, म्हणजे ती पिन जागी धरणाऱ्या क्लिपला, हात लावावा.

जुना पिस्टन फेकून देऊ नये, तो उजेडात धरून सावकाश पाहावा. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर पातळ मिश्रण, ऑईलची कमतरता किंवा हवेची गळती हे कारण असते. घेराच्या चार ठिकाणी उभे पट्टे उमटले असतील तर बोअर घट्ट बसवले होते, किंवा थंड इंजिन लगेच जोरात पळवले गेले. डोक्याला मधोमध भोक पडले असेल तर टायमिंग फार पुढे होते (ठिणगी फार लवकर पडत होती), प्लग चुकीच्या उष्णता-श्रेणीचा होता किंवा मिश्रण पातळ होते. गळतीच्या चाचणीत जे दिसले ते पिस्टनवरच्या खुणांशी जुळले पाहिजे. जुळत नसेल तर शोध अजून संपलेला नाही.

बोअर

आधी पिस्टन विकत घ्यावा आणि मगच सिलिंडरसोबत तो बोअरिंगवाल्याच्या हातात द्यावा. ओव्हरसाइज पिस्टन साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटरच्या टप्प्यांत येतात, पण डब्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष माप यांत फरक असू शकतो, म्हणून हातातला पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याच्या मापाने बोअर कापले पाहिजे. पिस्टन आणि बोअरमधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते. ती पिस्टन बनवणाऱ्याने सांगितली असेल तीच ठेवावी. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ती अंदाजाने कमी करणे म्हणजे जाम होण्याला आमंत्रण देणे होय.

बोअर आणि होनिंग (कापलेली भिंत बारीक घासणे) झाल्यावर प्रत्येक पोर्टची धार बारीक कानस किंवा पॉलिश पेपरने हलकी मारून घ्यावी, आणि हे काम कारागिराला तोंडी सांगून न थांबता बोटाने तपासावे. धार तशीच राहिली तर रिंग पोर्टवरून जाताना तिथे अडकते आणि तुटते. शेवटी सिलिंडर गरम पाण्याने आणि साबणाने, पांढरे फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत धुवावा व लगेच ऑईल लावावे, कारण उघडे बिडाचे बोअर, विशेषतः पावसाळ्यात, पाहता पाहता गंजते.

क्रँक आणि सील

कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहावा. वर-खाली जरासुद्धा खेळ जाणवला तर क्रँक पिन, रोलर आणि रॉडचा संच बदलावा. वरचे टोक आडवे थोडे डुलणे हे मात्र दोष नव्हे. हा क्रँक दाबून जोडलेला असल्यामुळे प्रेसवर संच बसवल्यानंतर तो सेंटरमध्ये धरून डायल गेजने सरळ करून घ्यावा लागतो, आणि फिरताना दिसणारा वाकडेपणा ०.०३ ते ०.०५ मिलिमीटरच्या आत आणल्याशिवाय तो परत घेऊ नये. क्रँककेसचे दोन भाग पुलरने वेगळे करावेत. सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्यास तिथे कायमची गळती राहते. नवे बेअरिंग बसवताना केस ओव्हनमध्ये सुमारे १०० अंशांपर्यंत तापवावी.

इंजिन उघडलेच आहे तर दोन्ही ऑईल सील बदलावीत. ज्या बाजूला स्प्रिंग दिसते ती बाजू सहसा क्रँककेसकडे येते. तरीही जुने सील काढण्याआधी त्याची दिशा लिहून ठेवावी.

जोडणी

टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगच्या खाचेत एक बारीक पिन असते. रिंगची दोन्ही टोके त्या पिनच्या दोन बाजूंना नीट बसल्याची खात्री करूनच सिलिंडर खाली सरकवावा, आणि तो सरकवताना फिरवू नये. रिंग आधी मोकळ्या बोअरमध्ये पिस्टनने समतल ढकलून तिच्या टोकांमधील फट मोजावी. मध्यम आकाराच्या बोअरला ती ०.२ ते ०.४ मिलिमीटर असावी. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवावा, सर्क्लिप नेहमी नवीन घ्यावे आणि त्याचे तोंड वर किंवा खाली येईल असे बसवावे. जोडणी पूर्ण झाली की गळतीची चाचणी पुन्हा करावी. टायमिंग डोळ्यांनी न लावता, प्लगच्या छिद्रात डायल गेज ठेवून कंपनीच्या पुस्तिकेतील मिलिमीटरच्या मापानेच लावावे.

पेट्रोल, ऑईल आणि पहिले ५०० किलोमीटर

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच जिल्ह्यातल्या उसापासून तयार होणारे हे इंधन नव्या गाड्यांना चालते, पण जुन्या कार्ब्युरेटरवर त्याने मिश्रण पातळ होते आणि जुने रबर फुगते. त्यामुळे नळ्या आणि वॉशर इथेनॉलला टिकणारे घ्यावेत. इथेनॉल पाणी ओढते; जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत, कारण तळाशी वेगळ्या झालेल्या पाण्याच्या थरात ऑईल नसते आणि इंजिन सुरू होताना तोच थर आधी आत जातो.

ऑईलचे प्रमाण १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली. नव्या इंजिनाला जपायचे म्हणून मनाने दुप्पट ऑईल घालणे चुकीचे आहे, कारण त्याच जेटमधून मग पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण उलट पातळ होते.

इंजिन सुरू करून गरम होऊ द्यावे, बंद करून पूर्ण थंड करावे, असे काही वेळा केल्यावर हेडचे नट थंड इंजिनवर पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत. पहिले ५०० किलोमीटर वेग कमी-जास्त करत चालवावे. घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गाडी गिअरमध्ये सोडू नये. पेट्रोल बंद म्हणजे ऑईलही बंद, आणि पिस्टन तर वेगाने फिरतच असतो. क्लच दाबावा किंवा मधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा. ५०० किलोमीटर झाल्यावर गिअर ऑईल बदलावे, सपाट रस्त्यावर थोडे अंतर पूर्ण ॲक्सिलरेटरवर चालवून तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. रंग विटकरी-तपकिरी असेल तर जेट बरोबर आहे. पांढरट असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घालून ही तपासणी पुन्हा करावी आणि मगच पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा चढ धरावा.