स्वयंचलित बसची चाचणी कशी घ्यावी

स्कॉटलंडमध्ये १५ मे २०२३ रोजी फेरीटोल ते एडिंबरा पार्क या सुमारे २२ किलोमीटरच्या मार्गावर स्वयंचलित बसची प्रवासी सेवा सुरू झाली. ‘कॅव्हफोर्थ’ नावाच्या या प्रकल्पातील पाचही बस नेहमीच्या आकाराच्या होत्या. इतर वाहनांच्या गर्दीत मिसळून त्या ताशी ८० किलोमीटरपर्यंत धावत आणि फोर्थच्या खाडीवरील १९६४ सालचा जुना रस्तापूल ओलांडत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ही सेवा बंद झाली आणि त्याचे कारण बस चालवणाऱ्या कंपनीने सरळ सांगितले: अपेक्षेइतके प्रवासी मिळाले नाहीत. ज्या नगरपालिकेला किंवा परिवहन उपक्रमाला अशी चाचणी घ्यायची असेल, तिने गाडीचे माहितीपत्रक उघडण्याआधी ही हकीकत समजून घ्यावी.

पहिले काम कागदावरचे आहे. चाचणीतून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, ते एका वाक्यात लिहून काढावे. ‘बस आपोआप चालते का’ हा प्रश्न आता फारसा उपयोगाचा नाही. ग्रीसमधील त्रिकाला शहराच्या रस्त्यांवर अशा छोट्या गाड्या दहा वर्षांपूर्वीच धावून गेल्या आहेत. ‘रेल्वे स्थानकावर शेवटच्या गाडीने उतरणाऱ्यांना वसाहतीपर्यंत पोहोचवणारी फेरी या बसने वेळापत्रकाप्रमाणे देता येईल का’ हा प्रश्न अधिक चांगला, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. त्याच कागदावर आकडे मांडावेत: दर फेरीला किमान किती प्रवासी, किती मिनिटांपर्यंतचा उशीर चालेल, किती महिन्यांनी निर्णय घ्यायचा. हे आकडे उद्घाटनानंतर ठरवले, तर जे हाती आले तेच उद्दिष्ट होते, असे सांगण्याचा मोह कोणालाही आवरत नाही.

मार्ग निवडताना बहुतेकांची चूक एकाच दिशेने होते. गाडीला सोपा जाईल असा रस्ता शोधला जातो आणि तो सापडतो एखाद्या उद्यानात किंवा विद्यापीठाच्या आवारात, जिथे चालत जाणारा माणूस बसच्या आधी पोहोचतो. सहा-आठ आसनांच्या छोट्या गाड्या सार्वजनिक रस्त्यावर साधारणतः ताशी १५ ते २० किलोमीटरच्या वेगाने चालवल्या जातात. त्यामुळे घाईत असलेला प्रवासी एकदा कौतुकाने बसतो आणि दुसऱ्या दिवसापासून सायकल काढतो. म्हणून आधी माणसे कुठे ताटकळत उभी असतात ते पाहावे आणि मग तिथली वाट गाडीला झेपेल का, याचा विचार करावा.

निवडलेला मार्ग अधिकाऱ्याने वही घेऊन स्वतः पायी पालथा घालावा. सकाळी, संध्याकाळी आणि एकदा पावसात. गाडी आपली जागा ओळखते ती उपग्रहांच्या संकेतांवरून, तसेच छतावरचे आणि कोपऱ्यांवरचे लेझर-संवेदक जे टिपतात त्याची आधी बनवलेल्या नकाशाशी तुलना करून. उंच इमारतींच्या घळीत आणि दाट झाडांखाली उपग्रहांचे संकेत क्षीण होतात. रस्त्याकडेचे कुंपण दोन महिन्यांत हातभर वाढले, बर्फाचा ढीग साचला किंवा वाऱ्याने पाचोळा उडाला, की नकाशातला रस्ता आणि समोरचा रस्ता जुळेनासा होतो आणि गाडी थबकते. म्हणून वहीत लिहायच्या गोष्टी अगदी किरकोळ वाटतात: कोणत्या दुकानासमोर मालाचा टेम्पो रोज उभा राहतो, कचऱ्याची गाडी किती वाजता येते, कोणती फांदी खाली लोंबते. अनेक छोट्या गाड्यांना वाटेत उभे असलेले वाहन स्वतःहून ओलांडता येत नसे. तेवढ्यापुरता ताबा सोबतच्या कर्मचाऱ्याला घ्यावा लागे. मार्गावर असे टेम्पो रोज पाच भेटणार असतील, तर चाचणी स्वयंचलित बसची न राहता त्या कर्मचाऱ्याच्या कौशल्याची होऊन बसते.

परवान्याची बाब देशागणिक वेगळी आहे. ब्रिटनमध्ये ताबा घेण्यास सज्ज असलेला प्रशिक्षित चालक गाडीत ठेवून प्रचलित कायद्यातच चाचणी घेता येत होती. स्वयंचलित वाहनांचा स्वतंत्र कायदा तिथे २०२४ मध्ये संमत झाला. जर्मनीने असा कायदा २०२१ मध्ये केला. भारतातील वाचकांसाठी सांगायचे, तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम २ ख संशोधन आणि नवोपक्रमासाठी काही प्रकारच्या वाहनांना कायद्यातील तरतुदींतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते. म्हणजे हे दार उघडायचे असेल, तर किल्ली नगरपालिकेकडे नाही. विमा कंपनी, वाहतूक पोलीस आणि अग्निशमन दल यांना मात्र पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे आणि वीज तोडून गाडी कशी ढकलायची, हे अग्निशमन दलाच्या जवानांना आगारात प्रत्यक्ष दाखवावे.

गाडी रस्त्यावर एकदम आणू नये. कॅव्हफोर्थमागच्या मंडळींनी २०१९ मध्ये मँचेस्टरच्या एका आगारात, फाटकाच्या आत, अशी बस चालवून पाहिली होती. २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या त्या मार्गावर बस प्रवाशांविना फिरल्या आणि प्रवासी चढले ते त्यानंतरच्या वर्षी. आगार, मग रिकाम्या फेऱ्या, मग फक्त कर्मचारी, मग जनता, हा क्रम मोडू नये. आणि उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून रिकाम्या फेऱ्या कमी करण्याची सूचना आली, तर ती लेखी मागावी. लेखी मागितलेल्या सूचना बऱ्याचदा येतच नाहीत.

आता सर्वांत नाजूक भागाकडे वळू: गाडीतला माणूस. कॅव्हफोर्थच्या बसमध्ये दोघे असत. एक सुरक्षाचालक, जो चाकासमोर बसून रस्त्यावर नजर ठेवी. दुसरा ‘कॅप्टन’, जो प्रवाशांमध्ये फिरे, तिकिटाचे पाही, शंकांना उत्तरे देई. आपल्या एसटीचा वाहक पाहिलेल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. चाचणीच्या काळात मनुष्यबळ वाढते, घटत नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात पगाराची बचत दाखवणे ही स्वतःचीच फसवणूक ठरते.

सुरक्षाचालकाचे काम ऐकायला सोपे आणि करायला कठीण आहे. तासन्‌तास काहीही न करता, पण क्षणात सर्व काही करण्याच्या तयारीत बसणे माणसाच्या स्वभावात नाही. पाळी लहान ठेवावी, माणसे आलटून-पालटून बसवावीत आणि प्रशिक्षणात ताबा घेण्याचा सराव रोज करून घ्यावा. ताबा घेण्याचे साधन हाताशी असणे हीसुद्धा वरवर पाहता सांगण्याची गरज नसलेली बाब. पण लास वेगासमध्ये ८ नोव्हेंबर २०१७ रोजी, सेवेच्या पहिल्याच दिवशी, नेमके तेच नडले. एक मालट्रक उलटा, मागे सरकत येत होता. त्याच्या वाटेतली स्वयंचलित गाडी बरोबर थांबली, पण आपण मागे सरकावे किंवा भोंगा वाजवावा, हे तिला कळले नाही. हाताने गाडी चालवण्याचा नियंत्रक बंद कप्प्यात ठेवलेला होता आणि ट्रक येऊन हळूच टेकला. कोणाला इजा झाली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीत मुख्य दोष ट्रकचालकाचा धरला, तरी कर्मचारी ताबा घेण्याच्या स्थितीत नव्हता, हेही साहाय्यक कारण म्हणून नोंदवले. तेव्हा फेरी सुरू होण्याआधीच्या तपासणीत पहिली ओळ अशी असावी: नियंत्रक हातात आहे.

उलट बाजूही आहे. टोकियोच्या पॅरालिंपिक क्रीडाग्रामात ऑगस्ट २०२१ मध्ये स्वयंचलित वाहन चौकात थांबले होते. आतल्या कर्मचाऱ्याने ते पुन्हा पुढे नेले आणि रस्ता ओलांडणाऱ्या दृष्टिहीन ज्यूदोपटूला धक्का बसला. त्या खेळाडूला आपल्या सामन्याला मुकावे लागले. यंत्र थांबले असताना माणसाने कधी पुढे जायचे, याचा नियम यंत्राने कधी थांबायचे याच्या नियमाइतकाच काटेकोर हवा. शिवाय पांढरी काठी घेऊन चालणाऱ्यांना चाचणीपूर्वी मार्गावर बोलावून गाडीचा आवाज त्यांना ऐकू येतो का, हे विचारावे. विजेवरची गाडी सावकाश येते तेव्हा तो फारसा येत नाही.

गाडीच्या आत धोका आणखी साधा असतो. अमेरिकेतील कोलंबस शहरात फेब्रुवारी २०२० मध्ये ताशी अवघ्या ११ किलोमीटरच्या आसपास वेग असताना गाडी अचानक थांबली आणि एक प्रवासी आसनावरून खाली पडला. त्यानंतर त्या उत्पादकाच्या दहा राज्यांतील गाड्यांची प्रवासी वाहतूक नियामकाने थांबवली. अनुभवी चालक ब्रेक दाबण्याआधी आरशात उभ्या प्रवाशांकडे पाहतो, यंत्र तसे पाहीलच असे नाही. म्हणून छोट्या गाडीत उभ्याने प्रवास नको, पट्टे असावेत आणि थेट ज्येष्ठ नागरिकांना बसवून ब्रेकची परीक्षा घेण्याऐवजी आधी वाळूची पोती बसवावीत.

नोंदवहीत कर्मचाऱ्याने ताबा घेतल्याचा प्रत्येक प्रसंग लिहावा: वेळ, जागा, हवामान आणि कारण. ‘तांत्रिक कारण’ हा शब्द वहीत मान्य करू नये. त्याच्या शेजारी चढलेले-उतरलेले प्रवासी, उशिराची मिनिटे आणि रद्द फेऱ्या लिहाव्यात, आणि त्याच मार्गावर साध्या बसचे तेच आकडे ठेवावेत. तुलनेविना आकडा कोरा असतो.

सेवा केव्हा थांबवायची हेही आधीच ठरलेले असावे आणि तो अधिकार कोणाकडे, ते एका नावाने. स्वित्झर्लंडमधील सियों येथे २०१६ मध्ये सेवा सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच एक गाडी उभ्या व्हॅनच्या मागच्या दाराला लागली. सेवा लगेच थांबवून, कारण शोधून, मगच ती पुन्हा सुरू झाली. अशा वेळी काय घडले हे त्याच दिवशी साध्या भाषेत जाहीर करावे. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबले, तर मोबाइलवरचे चित्रीकरण आपल्या आधी पोहोचलेले असते.

चाचणीचा शेवटचा दिवस पहिल्या दिवसाइतकाच आखून ठेवावा. किमान महिनाभर आधी प्रत्येक थांब्यावर सूचना लावावी आणि तिच्यात पर्यायी बसचा क्रमांक व वेळ द्यावी. मोजके का होईना, पण रोज त्याच बसने कामावर जाणारे प्रवासी तोवर तयार झालेले असतात आणि सोमवारी सकाळी ते त्याच थांब्यावर उभे असतील.