वस्तीतल्या उद्यानाची सुधारणा रहिवाशांना सोबत घेऊन कशी करावी

उद्यानाचा आराखडा तयार झाल्यावर रहिवाशांची बैठक बोलावली, तर लोकांच्या हाती बाकड्यांचा रंग निवडण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. पुण्यातल्या आमच्या भागात असेच झाले. रविवारी सकाळी दहा वाजता एकच बैठक झाली, तिला आलेले जवळजवळ सर्वजण निवृत्त होते आणि चालण्यासाठी गोल मार्ग व बसायला छत्री एकमताने मंजूर झाली. ज्या तुकड्यावर मुले संध्याकाळी क्रिकेट खेळत, तिथे पेव्हर ब्लॉक बसले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता, पण मुलांना कोणी विचारलेच नव्हते. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की, रेखाटनाची पहिली रेघ ओढण्याआधी माणसांकडे जावे.

सुरुवात मात्र कागदांपासून करावी. जागा महापालिकेची आहे की सोसायटीची, आणि शहराच्या विकास आराखड्यात तिचे आरक्षण उद्यानाचे आहे की क्रीडांगणाचे, हे आधी पाहावे, कारण तिथे काय बांधता येईल हे त्यावरच ठरते. क्षेत्रीय कार्यालयात किंवा उद्यान विभागात ही माहिती मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून अर्ज करावा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. याच अर्जात मागील कामांचे कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचे लेखी आदेश) आणि देखभालीच्या ठेक्याची प्रतही मागून घ्यावी.

आठ दिवस नुसते पाहावे

कागद येईपर्यंत चार-पाच जणांनी पाळ्या लावून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी उद्यानात बसावे आणि कोण येते, कुठे थांबते, किती वेळाने उठते हे वहीत लिहावे. या कामाला पैसा लागत नाही आणि यातून जे कळते ते कोणत्याही बैठकीत कळत नाही. झोपाळ्याची साखळी वरच्या दांड्याला जिथे अडकवलेली असते, तिथली कडी जवळून पाहावी. सतत घासून ती एका बाजूने निम्मी उरलेली असू शकते आणि खालून ते दिसत नाही. झोपाळ्याखाली पायांनी उकरला गेलेला खड्डा पावसाळाभर डबके होऊन राहतो. पश्चिमेकडे तोंड असलेली पत्र्याची घसरगुंडी एप्रिलमध्ये संध्याकाळी पाच वाजताही इतकी तापलेली असते की, मुले बुडाखाली गोणपाट घेऊन घसरतात. नवी घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून किंवा झाडाच्या सावलीत बसवावी, हा मुद्दा अशाच निरीक्षणातून पुढे येतो.

वहीत जे दिसत नाहीत, त्यांची यादी वेगळी करावी. दहा-बारा वर्षांपुढच्या मुली, घरकामाला येणाऱ्या बायका आणि त्यांची मुले, मागच्या वस्तीतली मुले, चाकाच्या खुर्चीवरची माणसे, रात्रपाळीचे रखवालदार: यांपैकी कोण येत नाही आणि का येत नाही, हे त्यांच्याकडे जाऊनच विचारावे लागते. त्यांना बैठकीला बोलावून ते येणार नाहीत. बचत गटाची बैठक, अंगणवाडी, शाळा सुटण्याची वेळ, दूध केंद्रासमोरची रांग अशा ठिकाणी दोन-दोन जणांनी जावे. ‘तुम्हाला उद्यानात काय हवे?’ असे विचारले की लोक दुसरीकडे पाहिलेल्या गोष्टीच सांगतात, म्हणजे कारंजे आणि ओपन जिम. त्याऐवजी ‘शेवटचे कधी आला होता आणि लवकर का निघालात?’ असे विचारावे. मग स्वच्छतागृहाला कुलूप असते, कोपऱ्यात दिवा नाही, कट्ट्यावर टोळके बसलेले असते, अशी खरी कारणे समोर येतात आणि त्यांतली काही तर पैशाविना सुटणारी असतात.

आराखडा आधी जमिनीवर काढावा

कागदावरचा नकाशा बहुतेकांना वाचता येत नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. एका संध्याकाळी चुन्याची फक्की आणि दोरी घेऊन प्रस्तावित मार्ग, झोपाळे आणि बाकडी खऱ्या मापात जमिनीवर आखावीत व सर्वांना त्यावरून चालू द्यावे. मार्ग क्रिकेटची खेळपट्टी कापतो आहे, हे तेव्हा लहान मूलही दाखवून देते. जागेवरून वाद होणारच, आणि तो इथे, आखणी पुसता येत असताना होणे चांगले. एकच तुकडा सकाळी योगासनांना आणि संध्याकाळी खेळाला देणे, अशी वेळेची वाटणी अनेकदा भिंती घालण्यापेक्षा टिकते.

आखणी करताना काही मापांबाबत तडजोड करू नये. झोपाळा ज्या दांड्याला टांगतो, त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर पुढे आणि तितकेच मागे मोकळे ठेवावे, दांडा 2.4 मीटर उंच असेल, तर दोन्ही बाजूंना 4.8 मीटर. खेळण्यांच्या गजांमधली किंवा पायऱ्यांमधली फट सुमारे 9 ते 23 सेंटीमीटरच्या दरम्यान नसावी, कारण त्यात मुलाचे अंग जाऊन डोके अडकू शकते. खाली काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक नको. वाळू टाकायची तर 25 ते 30 सेंटीमीटर जाडीची असावी आणि ती नियमित उकरून सारखी करण्याची जबाबदारी माळ्याच्या कामात लिहून घ्यावी. प्रवेशाचा उतार 1:12 हून, म्हणजे 12 फूट लांबीत 1 फूट चढ याहून, तीव्र नसावा. जुने झाड आड येत असेल, तर मार्गच वळवावा. झाड तोडायचे झाल्यास 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

पैसे आणि अर्ज

पुणे महापालिकेने 2006-07 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्याची पद्धत सुरू केली, जिच्यात रहिवासी आपल्या प्रभागातली छोटी कामे ठरलेल्या नमुन्यात सुचवतात. सूचनांची मुदत एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षाच्या कित्येक महिने आधी संपते, त्यामुळे निरीक्षण आणि आखणी त्याआधी उरकलेली असावी. अर्जात ‘उद्यान विकसित करणे’ असे मोघम न लिहिता ‘झोपाळ्यांच्या कड्या बदलणे, उत्तरेकडील कोपऱ्यात दोन दिवे, प्रवेशाला उतार’ असे मोजता येईल असे काम लिहावे. सोबत वहीतल्या नोंदी, फक्कीच्या आखणीची छायाचित्रे आणि मागच्या वस्तीतल्यांच्याही सह्या जोडाव्यात. नगरसेवकांना प्रत द्यावी, मात्र आखणीला त्यांनाही बोलावलेले असावे.

काम मंजूर झाल्यावर लोकांचे लक्ष पांगते, आणि नेमके तेव्हाच ते हवे असते. कार्यादेशाची प्रत मिळवून कामाची यादी मराठीत मोठ्या अक्षरांत प्रवेशद्वाराशी लावावी, म्हणजे जाता-येता कोणालाही पडताळता येते. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, कधी संपतो, ती तारीख त्याच फलकावर लिहावी. दर महिन्याला दोघांनी कड्या, बोल्ट आणि वाळूची जाडी तपासून रखवालदाराच्या नोंदवहीत लिहावे. पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी लवकर जाऊन पाणी कुठे साचले आहे याची छायाचित्रे काढावीत आणि दोषदायित्वाची तारीख उलटण्याआधी ती लेखी तक्रारीला जोडून द्यावीत.