सिस्टम रिस्टोअर अर्ध्यावर अडकतंय? आधी क्लाउड सिंक बंद करा

विंडोजमध्ये सिस्टम रिस्टोअर (कॉम्प्युटरची सेटिंग्ज आधीच्या स्थितीत परत नेणारी सोय) चालवलं, बराच वेळ गेला, आणि शेवटी 'रिस्टोअर पूर्ण होऊ शकलं नाही' असा संदेश आला, तर संशय बहुतेकदा अँटीव्हायरसवर जातो. तो खराही असतो. पण क्लाउड स्टोअरेजचं सॉफ्टवेअरही (वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारखं, जे तुमच्या फायली इंटरनेटवरच्या प्रतीशी जुळवत राहतं, म्हणजे 'सिंक' करतं) तितकंच तपासण्यासारखं आहे. ते मागे सतत चालू असतं, फायली उघडून धरतं, आणि रिस्टोअरला नेमकी तीच फाइल बदलायची असली की काम अडतं. शिवाय 'फक्त ऑनलाइन' ठेवलेल्या फायली डिस्कवर पूर्ण नसतात, नुसत्या खुणा असतात; त्यांचाही अडथळा होऊ शकतो.

सिंक नुसतं 'पॉज' करून भागत नाही, प्रोग्राम चालूच राहतो. टास्कबारवरच्या चिन्हातून तो पूर्ण बंद करा आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतही डिसेबल करा. मगच पुन्हा प्रयत्न करा.

तरीही जमलं नाही, तर माझ्या मते सर्वात खात्रीचा मार्ग हा: शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि तिथून सिस्टम रिस्टोअर. इथे विंडोजच सुरू झालेलं नसतं, त्यामुळे सिंकही नसतं. डिस्क बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शन सोयीने) कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर लिहून ठेवा, कृपा करून त्याच कॉम्प्युटरवर नको.

तेही फसलं तर क्लाउडचं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करून पाहा. त्याआधी सगळं अपलोड झाल्याची खात्री वेबसाइटवर लॉगिन करूनच करून घ्या.