मणक्यातल्या बुरशीवर औषध देताना या चुका टाळा

पाठ दुखते, बारीक ताप येतो, एमआरआयमध्ये दोन मणके आणि मधली चकती कुरतडलेली दिसते. आपल्याकडे एवढं पाहिलं की लगेच एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, लिहिली जाते. टीबी इतका आहे की अंदाज बऱ्याचदा खराही ठरतो. पण कोविडमध्ये भरपूर स्टेरॉइड घेतलेला, शुगर वाढलेला किंवा आयसीयूत बरेच दिवस सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) असलेला पेशंट असेल, तर बुरशीही असू शकते; आधी बायोप्सी करा, म्हणजे मणक्याचा तुकडा काढून तपासा.

आणि बायोप्सीचा सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका! या चुकीचा मला इतका त्रास झाला आहे की त्या दिवशी मी स्वतः दोन बाटल्या घेऊन उभा राहतो, एकीत फॉर्मॅलिन आणि दुसरीत निर्जंतुक सलाइन. फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे दिसतात, पण कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून पाहताना, काही उगवत नाही. मग औषध कशावर ठरवणार? कँडिडा या बुरशीच्या बऱ्याच जातींवर फ्लुकोनाझोल चालतं, ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीवर त्याचा काही उपयोग नाही. फॉर्मवर 'फंगल कल्चर' असं स्पष्ट लिहा.

एक शेतकरी चार महिने एकेटी घेऊन आमच्याकडे आले. तोवर पायातली ताकद कमी झाली होती. पहिल्या बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्येच गेला होता. दुसऱ्या वेळी ॲस्परजिलस उगवला. ज्या दिवशी एकेटी थांबली, त्याच दिवशी एका घाईच्या ज्युनिअरने व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू केलं. पाचव्या दिवशी सकाळच्या डोसआधी रक्तातली पातळी पाहिली, तर औषध जवळजवळ नव्हतंच. एकेटीतलं रिफाम्पिसिन यकृताला व्होरिकोनाझोल झपाट्याने संपवायला लावतं, आणि ते बंद केल्यावरही हा परिणाम साधारण दोन आठवडे टिकतो. डोस वाढवून भागत नाही. तेवढे दिवस आम्ही लायपोसोमल अँफोटेरिसिन हे शिरेतून द्यायचं बुरशीवरचं औषध दिलं. आता कुठलाही ॲझोल (फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल या गटातलं औषध) लिहिण्याआधी मी जुन्या गोळ्यांची पाकिटं पलंगावर मांडायला लावतो. फाइलवर माझा भरवसा नाही.

अँफोटेरिसिन सलाइनमध्ये मिसळू नका, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्या. किडनीसाठी क्रिॲटिनिन, शिवाय पोटॅशियम, मॅग्नेशियम बघत राहा.

व्होरिकोनाझोलची गोळी जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. पातळी १ ते ५.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली हवी. उन्हात काम करणाऱ्याला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी सांगाच, या गोळीने कातडी भाजते.

इट्राकोनाझोलची कॅप्सूल मात्र जेवणासोबत, आणि ॲसिडिटीची गोळी सोबत नको.

शेवटची चूक पेशंट आणि डॉक्टर दोघं मिळून करतात. दुखणं थांबलं की गोळ्या बंद. कँडिडाला ६ ते १२ महिने लागतात, ॲस्परजिलसला किमान ८ आठवडे आणि बहुतेक वेळा सहा महिन्यांहून जास्त. एमआरआय सुधारायला उशीर लागतो, म्हणून मी दर महिन्याला सीआरपी, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) आणि लिव्हरची तपासणी करतो. त्या शेतकऱ्यांची गोळी दहाव्या महिन्यात थांबली. तेव्हा ते काठीशिवाय ओपीडीत आले होते.