हरवलेल्या आजोबांचा शोध घेताना या चुका टाळा

'गोदीच्या स्फोटात गेला' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकलं की आधी शंकाच येते. कोकणातून मुंबईला कामाला आलेला कोणाचा तरी काका, मामा, आजोबा. पत्रं यायची बंद झाली आणि घरात शेवट ठरून गेला: गोदीचा स्फोट, नाहीतर रामदास बोट. दोन्ही घटना खऱ्या आहेत. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावरचा दारूगोळा उडाला, शेकडो माणसं गेली, कित्येकांची ओळखही पटली नाही. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बुडाली, त्यात सहाशेवर माणसं गेली. अशा मोठ्या दुर्घटनेत आपला माणूस गेला असं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही. पहिली आणि सगळ्यांत महाग चूक हीच, घरची गोष्ट पुरावा म्हणून धरायची आणि तेवढंच एक साल शोधत बसायचं.

मी स्वतः ही चूक चार वर्षं केली. आमचे चुलत आजोबा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, बदली कामगार होते, कायमचा कामगार गैरहजर असेल त्या दिवशीच काम मिळणारे. बदली मिळाली नाही की ते गोदीत मजुरीला जात आणि तिथेच स्फोटात गेले, असं घरात सांगत. मी १९४४च्या याद्या आणि वर्तमानपत्रं चाळत राहिले. काहीच मिळेना. तेव्हा एकदा आई सहज बोलून गेली की पितृपक्षात त्यांचं पान दशमीला वाढतात. पान वाढतात ते मृत्यूच्या तिथीला. मी जागच्या जागी थांबले. १४ एप्रिल १९४४ला पौर्णिमा होऊन पाच-सहाच दिवस झाले होते, दशमी येणारच नाही. साल विसरलं होतं, कारण बदललं होतं, पण तिथी कोणी बदलली नव्हती. श्राद्धाचं पान दरवर्षी वाढावं लागतं, म्हणून ती टिकते. तेव्हापासून कोणत्याही घरी माझा पहिला प्रश्न हाच असतो, 'पान कोणत्या तिथीला वाढता?' उत्तर सर्वपित्री अमावास्या आलं, तर मृत्यूची तिथी बहुधा घरच्यांनाही ठाऊक नव्हती असं समजावं. हेही कामाचंच.

पुढचा धागा मिळाला गावकीच्या खोलीत. लालबाग-परळच्या चाळींत गावोगावच्या मंडळांच्या अशा खोल्या असत. पन्नास-पन्नास माणसं पाळीपाळीने झोपायची, वर्गणी भरायची. आमच्या गावच्या मंडळाची पत्र्याची पेटी अजून आहे. त्यातल्या लाल कापडी बांधणीच्या वहीत चुलत आजोबांची वर्गणी थेट १९४६च्या पावसाळ्यापर्यंत जमा होती. म्हणजे स्फोटानंतर दोन वर्षं हा माणूस दरमहा आठ आणे भरत होता! मग नावापुढे रेघ, आणि खर्चाच्या बाजूला 'मिरज मनिऑर्डर' ही नोंद पाच वेळा. शेवटी १९४७च्या फेब्रुवारीत 'मिरजेहून तार आली'. जुनं पंचांग काढून पाहिलं. तार आली त्याच्या आदल्या दिवशी वद्य दशमी होती.

मिरजेजवळ वान्लेसवाडीला क्षयाचं सॅनेटोरियम होतं. घरात लग्नाच्या तीन मुली होत्या, आणि क्षयाचं घर म्हटलं की स्थळं परत जात. म्हणून गोदी. कोणालाही खोटं पाडायला मी हे सांगत नाही. त्या बायांनी काय सोसलं असेल ते मला त्या वहीवरून कळलं. पण गोष्ट जिथे खोटी असते तिथे बहुतेक वेळा काहीतरी लपवलेलं असतं, आणि ते काय असेल हा प्रश्न आधी विचारायला हवा.

दुसरी चूक आडनावाची. नव्या मुलांना वाटतं, वेबसाइटवर आजचं आडनाव टाकलं की माणूस समोर येईल. नाही येत, आणि दोन संध्याकाळींत कंटाळून सोडूनही देतात. जुन्या नोंदीत अनेकदा नाव आणि बापाचं नाव एवढंच असतं. आडनाव असलंच तर गावावरून पडलेलं, भाऊ-भाऊ वेगळं लावत. पहिल्या महायुद्धात कूतला किंवा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढायला गेलेल्यांचा शोध घेताना तर मी आडनाव वापरतच नाही. बापाचं नाव, गाव आणि जिल्हा एवढंच. पलटणीच्या नावात 'मराठा' तेव्हा इंग्रजीत 'महरट्टा' असं, मध्ये एच घालून लिहीत. आणि जिल्हा तेव्हाचाच धरायचा. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला, त्याआधीचा मालवणचा माणूस रत्नागिरीत सापडेल. रायगडचा कुलाब्यात. सावंतवाडी वेगळं संस्थान होतं.

महापालिकेत दाखला मागताना माणूस राहत होता त्या वॉर्डात जाऊ नका. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. लालबागला राहणारा जेजे रुग्णालयात वारला असेल तर भायखळ्याच्या ई वॉर्डात विचारा.

फोटोची मागची बाजू बघा. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून फेकू नका, वाचणारे मिळतात. दुसऱ्याने बनवलेली वंशावळ पुरावा न बघता उतरवू नका, एकाची चूक दहा घरांत जाते.

म्हाताऱ्या माणसांना फोनवर विचारू नका. मी घरी जाते, चहा होऊ देते, फोन पर्सबाहेर काढत नाही. पहिल्या भेटीत फक्त जेवणाखाण्याचं, शेजाऱ्यांचं विचारते. आईने दशमीचं सांगितलं ते पुरणाबद्दल बोलताना.

आणि सापडलेलं लगेच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. मी त्या वहीचा फोटो टाकला, आणि नव्वदीतल्या आत्याला तिच्या काकांचा क्षय नातसुनेकडून कळला. ती दोन दिवस जेवली नाही. त्या तीन मुलींतली शेवटची तीच. आधी तिच्याकडे जायला हवं होतं, एकटीने. आता दर रविवारी जाते. परवा तिनेच ट्रंकेतून एक पोस्टकार्ड काढून दिलं, मिरजेचा शिक्का असलेलं.