उतारवयात लग्न करताय? पेन्शनचा हिशेब आधी मांडा

भुसावळ-वरणगाव पट्ट्यात रेल्वेचे आणि आयुध निर्माणीचे पेन्शनर गल्लोगल्ली आहेत. दोघांनाही केंद्राचेच नियम लागतात, म्हणून इथे तेवढंच सांगतो.

सुरुवात होणाऱ्या बायकोच्या बाजूने करा. तिला पहिल्या नवऱ्याची फॅमिली पेन्शन चालू असेल आणि मुलं असतील, तर दुसऱ्या लग्नाच्या दिवसापासून ती बंद होते. मूलबाळ नसेल तर चालू राहू शकते. मात्र तिचं इतर उत्पन्न दरमहा ९,००० रुपये अधिक महागाई सवलत, याच्या आत हवं. तिने स्वतः नोकरी करून मिळवलेल्या पेन्शनला धक्का लागत नाही. पीएफ कार्यालयाची विधवा पेन्शनही लग्नानंतर थांबते. लग्न लपवून पैसे उचलले तर पुढे वसुली लागते, ती म्हातारपणी फार जड जाते.

आता नवऱ्याकडची बाजू. निवृत्तीनंतर केलेल्या बायकोलाही फॅमिली पेन्शनचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये भगवंती खटल्यात तो मान्य केला. रक्कम शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के. पगार ४०,००० असेल तर १२,००० आणि वर महागाई सवलत. पेन्शन विकली (कम्युट केली) असली तरी यात कपात होत नाही. पहिल्या बायकोचं पात्र मूल, म्हणजे साधारणपणे २५ वर्षांखालचं, अविवाहित आणि न कमावणारं, असेल तर त्या पहिल्या बायकोच्या वाट्याचं त्याला मिळतं. पण हे सगळं नवरा गेल्यावर. तोवर तिची आधीची पेन्शन बंद आणि नवी सुरू नाही. मधल्या वर्षांत तिच्या हाती काय राहील, ते लग्नाआधी बोलून घ्या.

लग्न कायदेशीरच हवं. नुसतं एकत्र राहून काही मिळत नाही. सगळ्यात जास्त प्रकरणं अडतात ती फारकतीवर: शंभराच्या स्टॅम्पवर पंचांसमोर लिहिलेली काडीमोड कार्यालयात टिकवणं अवघड, कारण तशी रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं. कोर्टाचा हुकूमनामा घ्या. पहिला जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. पाट लावला असला तरी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदणी करा, ९० दिवसांच्या आत.

मग नवरा हयात असतानाच अर्ज द्या. बँक नाव चढवत नाही. शेवटची नोकरी जिथे झाली त्या कार्यालयात जायचं. रेल्वेवाल्यांनी डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) कार्यालयातली सेटलमेंट शाखा, म्हणजे निवृत्तांची देणी बघणारी शाखा, गाठावी. सोबत पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचा एकत्र फोटो, तिचं आधार आणि पॅन. आधारवर आधीच्या नवऱ्याचं नाव असेल तर ते आधी बदला, नाहीतर फाइल तिथेच पडून राहते. पोच घ्या, तारखेसकट.

सुधारित पीपीओ हातात आला की तिचं नाव आणि जन्मतारीख तिथेच, खिडकीसमोर, वाचून बघा. ८० पूर्ण झाल्यावर फॅमिली पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, आणि ती वाढ याच तारखेवरून लागते.