वाचकांसाठीची स्क्रिप्ट एडिटरमध्ये चालू नये म्हणून

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाची वर्डप्रेस साईट मी सांभाळतो. पानावरचे सगळे आकडे देवनागरीत दिसावेत अशी त्यांची इच्छा होती, म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती पानावरचा मजकूर चाळते आणि इंग्रजी अंक दिसला की देवनागरी करते. लिंक तेवढ्या सोडून देते, कारण त्यांत ईमेल पत्ते असतात. पुस्तकांची यादी खाली सरकवली की नवी नावं येतात, तीही सुटू नयेत म्हणून त्यात म्यूटेशन ऑब्झर्व्हर (पानात बदल झाला की स्क्रिप्टला कळवणारी सोय) लावला होता.

दोन दिवसांनी ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "दादा, मी एकोणीसशे बावन्न टाइप करते आणि उमटतं २५९१. माझा कीबोर्ड गेला का?"

कीबोर्ड ठणठणीत होता. माझी स्क्रिप्ट एडिटरमध्येही चालत होती. ताईंनी १ दाबला की स्क्रिप्ट तो लगेच बदलायची, मजकूर बदलला की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जायचा, आणि पुढचा ९ आधीच्या अंकाच्या अलीकडे पडायचा. त्याहून वाईट म्हणजे बदललेला मजकूर तसाच सेव्ह होत होता. वाचनालयाच्या ईमेल पत्त्यातला अंक लिंक जोडण्याआधीच देवनागरी झाला, त्यामुळे पुढे जोडलेली लिंकही चुकीची. वाचकांच्या बाजूने पाहिलं तर काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं, आणि हीच यातली खरी मेख आहे. साईटवरची चूक रिफ्रेश करून जाते. एडिटरमधली चूक डेटाबेसात जाऊन बसते.

म्हणून पहिल्यांदा स्क्रिप्ट कुठून शिरते ते शोधा. एडिटर उघडा, ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब घ्या, पान रिफ्रेश करा आणि तुमच्या फाइलचं नाव शोधा. तिथे ती दिसली, तर बहुतेक वेळा घोळ हुकमध्ये असतो, म्हणजे आपला कोड वर्डप्रेसने कधी आणि कुठे चालवायचा हे ठरवणाऱ्या जागेत. (हुकांची नावं इथे देवनागरीत देतोय, कोडमध्ये ती अर्थात रोमन.)

'डब्ल्यूपी_एन्क्यू_स्क्रिप्ट्स' हा हुक फक्त फ्रंट-एंडला, म्हणजे वाचकांना दिसणाऱ्या पानांवर चालतो. 'एन्क्यू_ब्लॉक_एडिटर_असेट्स' फक्त एडिटरमध्ये. आणि 'एन्क्यू_ब्लॉक_असेट्स' दोन्हीकडे. मी तिसरा वापरला होता, कारण पुस्तकाच्या कार्डाची सीएसएस (रंगरूपाचे नियम) एडिटरमध्येही तशीच दिसायला हवी होती, आणि त्याच फंक्शनमध्ये स्क्रिप्टची ओळही टाकून दिली. वर्डप्रेसच्या ६.३ आवृत्तीपासून या हुकमधल्या फाइली एडिटरच्या आयफ्रेमच्या (पानाच्या आत उघडलेल्या दुसऱ्या पानाच्या) आतही पोचतात, म्हणजे अगदी जिथे टाइप करतो तिथे.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. स्क्रिप्टची ओळ उचलून पहिल्या हुकमध्ये न्या. मी हेच केलं आणि हेच करा असं सांगेन. एकाच फंक्शनमध्ये ठेवायचं असेल, तर आधी सीएसएसची ओळ लिहा, तिच्याखाली 'इज_ॲडमिन' (पान ॲडमिन विभागातलं आहे का हे सांगणारं फंक्शन) खरं आलं तर रिटर्न करा, आणि स्क्रिप्टची ओळ त्याच्याही खाली ठेवा. हा क्रम उलटा झाला तर एडिटरमधलं कार्ड उघडंबोडकं दिसेल.

स्वतःचा ब्लॉक बनवला असेल, तर त्याच्या ब्लॉक.जेसन फाइलमध्ये बघा. 'स्क्रिप्ट' या नावाखाली दिलेली फाइल दोन्हीकडे जाते, 'एडिटरस्क्रिप्ट' फक्त एडिटरमध्ये, 'व्ह्यूस्क्रिप्ट' फक्त वाचकांकडे. स्लायडर, काउंटर, ॲकॉर्डियन यांची जागा व्ह्यूस्क्रिप्टमध्येच. एडिटरमधली एचटीएमएल रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या ताब्यात असते. बाहेरच्या स्क्रिप्टने तिथे घटक हलवले की ब्लॉक कोसळू शकतो. स्निपेटचं (कोडचे छोटे तुकडे साईटला जोडणारं) प्लगिन वापरत असाल, तर कोड 'सगळीकडे चालवा' की 'फक्त फ्रंट-एंडला' असा पर्याय तिथेच मिळतो. दुसरा निवडा.

आता 'इज_ॲडमिन'बद्दल, कारण इथे भलेभले फसतात. लॉगिन केलेला माणूस ॲडमिन आहे का, हे ते सांगत नाही. मागितलेलं पान ॲडमिन विभागातलं आहे का, एवढंच सांगतं. गुटेनबर्ग, म्हणजे वर्डप्रेसचा ब्लॉक एडिटर, पोस्ट सेव्ह करतो तो रेस्ट एपीआयमार्फत (पान न उघडता सर्व्हरशी डेटाची देवाणघेवाण करण्याची वाट), आणि त्या विनंतीत 'इज_ॲडमिन' खोटं येतं. म्हणजे शॉर्टकोडमध्ये (मजकुरात चौकटी कंसात लिहिलेल्या खुणेमागच्या कोडमध्ये) किंवा ब्लॉकच्या रेंडर फंक्शनमध्ये ही अट घालून निर्धास्त राहिलात, तर कोड सेव्ह करताना चालायचाच. तिथे 'रेस्ट_रिक्वेस्ट' हा स्थिरांक डिफाइन केलेला आणि खरा आहे का ते तपासा, ६.५ पासून यासाठी 'डब्ल्यूपी_इज_सर्व्हिंग_रेस्ट_रिक्वेस्ट' हे फंक्शनही आहे. आणि शॉर्टकोडमधून कधीही एको करू नका, म्हणजे मजकूर थेट छापू नका, मजकूर रिटर्न करा. एको केलेला मजकूर रेस्टच्या उत्तरात मिसळतो आणि सेव्ह करताना 'उत्तर वैध जेसन नाही' असा संदेश येतो. लोक मग सर्व्हरला दोष देत बसतात.

एलिमेंटर या पानं रचण्याच्या प्लगिनमध्ये उलट परिस्थिती. तिथली संपादनाची जागा म्हणजे आयफ्रेममध्ये उघडलेलं फ्रंट-एंडचं पानच, त्यामुळे त्या पानापुरतं 'इज_ॲडमिन' उपयोगाचं नाही. जावास्क्रिप्टमध्ये 'एलिमेंटरफ्रंटएंड.इजएडिटमोड' विचारा आणि उत्तर खरं आलं तर तिथेच थांबा.

बॉडीचा क्लास (पानाच्या एचटीएमएलवरची खूण) बघून स्क्रिप्ट थांबवणं हे तोडगा म्हणून ठीक, पण मला ते पटत नाही. 'डब्ल्यूपी-ॲडमिन' हा क्लास बाहेरच्या पानावर असतो, आयफ्रेमच्या आत नसतो. फाइल तिथे जाऊच नये, हे जास्त भरवशाचं.

कोड दुरुस्त झाला तरी बिघडलेला मजकूर आपोआप सुधारत नाही. एडिटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट-एम दाबा. कोड एडिटर उघडतो आणि डेटाबेसात खरं काय साठवलंय ते दिसतं. आम्ही स्क्रिप्ट चढवल्यानंतर संपादित झालेली पानं एकेक करून अशी उघडली आणि रिव्हिजनशी (वर्डप्रेसने ठेवलेल्या जुन्या प्रतींशी) ताडून पाहिली. ईमेल पत्ता आणि फोन नंबर ताईंनी स्वतः पुन्हा टाइप केले, मी फोनवर ऐकत होतो. शेवटी त्यांनी स्थापनेचं साल टाकलं आणि एकेक अंक वाचून दाखवला. एक, नऊ, पाच, दोन.